पतंगाची कणी

जयपूर, २६ डिसेंबर

चि. सौ. मनीस,


परवा तुझा फोन आला तेव्हा मी कुकर लावत होते, त्यामुळे धड बोलणं झालं नाही. पण तुझा प्रश्न त्यानंतर दोन दिवस मनात घोळतोय. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी जावयांचा चाळिसावा वाढदिवस, ते अभिनेता इरफान खानचे भक्त, आणि मावशी राहते इरफानच्या गावात, म्हणून तिनं काहीतरी शोधून पाठवावं. नंतर तू फोनवर चार फोटोही पाठवलेस: चेहरा छापलेला मग, टी-शर्ट, संवाद लिहिलेलं पोस्टर आणि भिंतीवर लावायची मोठी फ्रेम. यातलं कुठलं घेऊ म्हणून विचारलंस. मनी, यातलं काहीच घेऊ नकोस. का, ते नीट सांगायचं तर पत्रच हवं, म्हणून बसले.

तुझ्या आजोबांना, आमच्या अण्णांना, निळू फुले किती आवडायचे ते तुला आठवणार नाही, तू फार लहान होतीस. ‘सामना’ सिनेमातला हिंदुराव धोंडे पाटील त्यांना पाठ होता. तो मास्तरशी कसा बोलतो, बोलता बोलता मध्येच कसा थांबतो, हे अण्णा जेवताना करून दाखवायचे आणि आईची भाकरी तव्यावर करपायची. त्यांच्या एकसष्टीला आम्ही भावंडांनी वर्गणी काढून निळूभाऊंचा भला मोठा फोटो मढवून आणला. अण्णांनी कौतुकानं लावला. वर्षाच्या आत रंगकाम निघालं, फोटो उतरला, तो कपाटामागे गेला आणि तिथेच राहिला. मला वाईट वाटलं. विचारलं, तर अण्णा म्हणाले, “अगं, मला हिंदुराव आवडतो. फोटोतला हा माणूस नुसता उभा आहे.”

पुढे तुझ्या आईला कळलं की निळूभाऊ सिनेमात येण्याआधी पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळी होते. तिथून सेवादलाचं कलापथक, मग नाटक, मग सिनेमा. तिनं रोपवाटिकेतून मोगऱ्याचं एक रोप आणलं, अण्णांपाशी बसली आणि ही हकिगत त्यांना सांगितली. त्या मोगऱ्याला अण्णांनी शेवटपर्यंत दुसऱ्या कुणाला पाणी घालू दिलं नाही. पहिली फुलं आली तेव्हा ‘निळूभाऊंकडची’ म्हणून देवाला वाहिली. फोटोपेक्षा रोप स्वस्तच होतं. पण रोपाबरोबर तुझी आई त्यांच्याजवळ बसली होती.

चरित्र अभिनेत्यावर जीव असलेल्या माणसाचं असंच असतं. त्याला पडद्यावर एक विशिष्ट चेहरा बघायचा नसतो, त्याला माणसं भेटलेली असतात. जावयांना विचारून बघ. ते इरफानबद्दल बोलतील, पण नावं घेतील मकबूलची, पानसिंग तोमरची, अशोक गांगुलीची, साजन फर्नांडिसची. ज्या नटानं आयुष्यभर स्वतःला या माणसांच्या मागे ठेवलं, त्याचा चेहरा चहाच्या कपावर आणणं मला बरं वाटत नाही.

अशोक गांगुली म्हणजे २००६ सालच्या ‘द नेमसेक’मधला बाप. झुंपा लाहिरींची कादंबरी, मीरा नायरचा सिनेमा. तरुणपणी हा अशोक रेल्वेच्या भीषण अपघातातून वाचतो, आणि वाचतो तो हातातल्या पुस्तकामुळे. गोगोलच्या कथांचं पुस्तक. पुढे अमेरिकेत मुलगा होतो, त्याचं नाव गोगोल ठेवतो. मुलगा मोठा झाल्यावर बाप त्याला तेच पुस्तक नव्यानं आणून भेट देतो. खोलीत आलेला असतो तो सगळं सांगायचं ठरवून: अपघात, पुस्तक, नाव. पण मुलाचं लक्ष दुसरीकडेच आहे हे त्याला दिसतं, आणि सांगायला आलेलं मनातच ठेवून तो निघून जातो. त्या दृश्यात इरफान काही मोठं करत नाही. तोंडाशी आलेले शब्द परत गिळलेला माणूस दिसतो, बस. पुस्तक कितीतरी वर्षं पडून राहतं आणि मुलगा ते उघडतो तेव्हा बाप गेलेला असतो.

हे दृश्य मी जितक्या वेळा पाहिलं तितक्या वेळा मला अण्णांचा तो कपाटामागचा फोटो आठवला. आम्हीही तो भिंतीला लावून आपापल्या कामाला निघून गेलो होतो. म्हणून सांगते, काय द्यायचं ते मी सुचवते, पण जे देशील त्याची गोष्ट जवळ बसून सांगायची. ते काम तुझं.

आता या गावाबद्दल. मी लग्न होऊन इथे आले त्याला ३१ वर्षं झाली. आले तेव्हा इरफानचं नाव फारसं कुणाला माहीत नव्हतं. ७ जानेवारी १९६७ चा त्याचा जन्म, टोंकचं घराणं, वडिलांचा टायरचा धंदा. वडिलांना शिकारीचा नाद आणि मुलगा मांसाला हात लावीना, तेव्हा पठाणाच्या घरी ब्राह्मण जन्माला आला म्हणून ते चिडवायचे, असं इरफाननंच मुलाखतींतून सांगितलेलं आहे. क्रिकेट चांगला खेळायचा. सी. के. नायडू स्पर्धेसाठी निवड झाली, पण जायला पैसे उभे राहिले नाहीत. मग नाटक. रामनिवास बागेतलं रवींद्र मंच हे १९६३ सालचं नाट्यगृह, तिथली नाटकं, आणि १९८४ मध्ये दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय. त्याच सुमारास वडील गेले. टायरचं दुकान सांभाळायचं सोडून हा थोरला मुलगा नट व्हायला दिल्लीला राहिला, त्याला घरात किती कठीण गेलं असेल याचा मी इथल्या घरांतून वावरताना पुष्कळदा विचार करते.

२०२० चा एप्रिल मला विसरता येत नाही. २५ तारखेला त्याची आई सईदा बेगम इथे जयपुरात गेली. टाळेबंदी होती, तो मुंबईत आजारी. आईला माती द्यायलाही येता आलं नाही. आणि २९ ला तो गेला. आम्ही सगळे दारं लावून घरात. तुझे काका आणि मी गच्चीवर गेलो. या गावातला तो इतका मोठा माणूस, पण रस्त्यावर जाऊन उभं राहायचीसुद्धा सोय नव्हती.

गच्चीवरून पतंग आठवला. इरफानला पतंगांचं भारी वेड होतं, आणि संक्रांतीचं जयपूर ज्यानं पाहिलं नाही त्याला ते वेड कळायचं नाही. पहाटे थंडीत माणसं गच्च्यांवर चढतात ती काळोख पडल्यावर उतरतात. फीणी, तिळपट्टी, चहा सगळं वरच. जुन्या शहरात गच्चीला गच्ची लागून, त्यामुळे ‘वो काटा’ अशी आरोळी उठली की ती चार गल्ल्या फिरून येते. रात्री दोरीला दिवे बांधून सोडतात. तुम्ही नाशिकची माणसं, दोरा गुंडाळायची येवल्याची आसारी तुम्हाला मी काय सांगावी. पण हांडीपुऱ्यातल्या कारागिरानं केलेला जयपुरी पतंग हातात घेऊन बघ, कागद ताणलेला कसा असतो आणि कामटी किती एकसारखी तासलेली असते. मी काल हांडीपुऱ्यात जाऊन बारा पतंग घेतले. पांढरे आणि जांभळे, वर काही छापलेलं नाही. चरखी रिकामी घेतली आहे. दोरा तिकडे साधा सुती भर, नायलॉनच्या मांजाला घरात येऊ देऊ नकोस, पाखरांचे पंख आणि माणसांचे गळे कापतो तो. इरफानच्या वाढदिवसानंतर बरोबर सात दिवसांनी संक्रांत येते, हेही जावयांना सांग.

दुसरी वस्तू सांगानेरची. गावापासून बारा-पंधरा किलोमीटर. ठशांच्या छपाईसाठी ते सगळ्यांना माहीत आहे, पण तिथे कागजी लोकांची वस्ती आहे, पिढ्यान्‌पिढ्या हातकागद करणारी. सुती चिंध्या आणि कपड्यांची कात्रणं कुटून लगदा करायचा, तो हौदात ढवळायचा, चाळणीवर एक-एक ताव उचलायचा, दाबून पाणी काढायचं, वाळवायचा आणि घोटायचा. आपल्याकडे दौलताबादजवळ कागजीपुरा आहे, तिथलीही हीच विद्या. मी जाडसर पानांची एक बांधीव वही घेतली आहे. तिच्याबरोबर अजय ब्रह्मात्मज यांचं ‘...और कुछ पन्ने कोरे रह गए’ हे हिंदी पुस्तक ठेवते. त्यांनी इरफानशी अनेक वर्षं गप्पा मारल्या होत्या. पुस्तकाच्या नावातच कोरी पानं आहेत, म्हणून शेजारी कोरी वही. इंग्रजी वाचायचं असेल तर दिग्दर्शक अनुप सिंग यांचं ‘डायलॉग्ज विथ द विंड’ नाशिकलाच बघ. ‘किस्सा’ करताना आणि वाळवंटात ‘द साँग ऑफ स्कॉर्पियन्स’ करताना ज्यानं या नटाला जवळून पाहिलं, त्याचं ते लिहिणं आहे.

वहीत तू काहीतरी लिही. एकच पान लिही, पण लिही. इरफानची सिनेमातली सुरुवात पत्रानंच झाली, माहीत आहे? १९८८ च्या ‘सलाम बॉम्बे’त तो फुटपाथवर बसून अडाणी माणसांची पत्रं लिहून देणारा होता, काही मिनिटांचं काम. आणि पंचवीस वर्षांनी ‘द लंचबॉक्स’मध्ये पुन्हा पत्रं, या वेळी डब्यातून.

तिथून तिसरी भेट. ती मी पाठवू शकत नाही, तुलाच करायची. जावई कंपनीत डबा नेतात ना? वाढदिवसाच्या आधीचा आठवडा रोज पोळ्यांखाली एक चिठ्ठी ठेव. वरच्या मजल्यावरून कृती सांगणाऱ्या देशपांडे काकू त्या सिनेमात एकदाही दिसत नाहीत, भारती आचरेकरांचा नुसता आवाज ऐकू येतो; तुझ्यासाठी तो आवाज मी होते. पहिल्या दिवशी भरली वांगी कर, मोहरी-मेथीची फोडणी, दाण्याचं कूट थोडं जास्त. पण एक दिवस चिठ्ठी ठेवलीस आणि दुसऱ्या दिवशी विसरलीस असं करू नकोस. त्या सिनेमात एका दिवशी साजनला रिकामा डबा येतो. एक-एक भांडं उघडून तो बघतो आणि सगळ्यांसमोर तसाच बसून राहतो. ते बसणं ज्यानं पाहिलंय तो डब्यातल्या चिठ्ठीची वाट बघणारच.

आणि वाढदिवसाच्या दिवशी हॉटेलात जाऊ नका. इगतपुरीला जा. तुमच्यापासून दीड तासाचा रस्ता. त्रिंगलवाडीच्या किल्ल्याकडे इरफाननं जमीन घेतली होती. तिथल्या आदिवासी वस्तीशी त्याचं नातं जडलं. रुग्णवाहिकेसाठी पैसे दिले, शाळेतल्या मुलांना पुस्तकं, पावसाळ्यात रेनकोट. इगतपुरीत थिएटर नव्हतं म्हणून तिथली माणसं त्याचा सिनेमा लागला की तीस किलोमीटर नाशिककडे यायची. तो गेल्यावर त्यांनी वस्तीचं नाव ठेवलं ‘हिरोची वाडी’. पद्मश्री, राष्ट्रीय पुरस्कार, हॉलीवूड हे सगळं झालं, पण मला या नावाइतकं दुसरं काही मोठं वाटत नाही. तुमच्याकडच्या खेड्यातल्या लोकांनी आपण होऊन दिलेलं नाव आहे ते, आणि मराठीत आहे.

जाताना रिकाम्या हातानं जाऊ नका. पण दुकानातून काहीही उचलून नेऊ नका. आधी शाळेतल्या गुरुजींना गाठून मुलांना काय लागतं ते विचारा, वह्या असतील, स्वेटर असतील, आणि जावयांच्या हातानं द्या. फोटो काढत बसू नका. ‘नेमसेक’मध्ये समुद्राच्या टोकाशी गेल्यावर बापाच्या लक्षात येतं की कॅमेरा मागेच राहिला, आणि तो लहानग्याला हे सगळं लक्षात ठेवायला सांगतो. ते दृश्य जावयांना पाठ असेल. तिथे पोचल्यावर त्यांचं तेच म्हणतील, तू काही बोलू नकोस. वेळ उरला तर किल्ल्याच्या पायथ्याचं जैन लेणं बघून या.

पार्सल उद्या स्पीड पोस्टानं टाकते. पतंग पुठ्ठ्याच्या दोन तावांमध्ये बांधले आहेत, उघडताना कात्री नीट चालव. दुकानदार विचारत होता, पतंगाला दोरा जोडायची कणी बांधून देऊ का म्हणून. मी नको म्हटलं. संक्रांतीच्या सकाळी तुम्ही दोघं गच्चीवर बसून बांधा, एकानं कामटी धरायची आणि एकानं गाठ मारायची.

तुझी,
मावशी