हजीऱ्याचा समुद्र आणि सुकाणूची गोष्ट

सुरतेत पाहुणे आले की प्रश्न पडतो, यांना फिरायला न्यायचं कुठे? डुमस ठरलेलं. भजी खायची, गर्दी बघायची आणि परत. मी पाहुण्यांना हजीऱ्याकडे नेतो म्हटलं की त्यांचे चेहरे उतरतात. "तिकडे तर नुसत्या कंपन्या!" म्हणणं खोटं नाही. गॅस, पोलाद, बंदर आणि रस्ताभर ट्रेलर. 'अरिहंत' पाणबुडीच्या सांगाड्याचं काम इथेच झालं. २०२०च्या नोव्हेंबरपासून घोघ्याची फेरीही सुटते. रस्त्याने ३७० किलोमीटरचा वळसा पाण्यावरून ९० किलोमीटरवर येतो, आणि गाडी बोटीत चढवताना पोरं जाम खूश असतात.

पण मला ओढ आहे ती शेजारच्या सुवालीची. सुरत म्हटलं की आपल्याला १६६४ आणि १६७० आठवतं, आणि ते आठवायलाच हवं. त्याआधी अर्धं शतक मात्र या किनाऱ्यावर दुसरंच काही घडत होतं. तापीच्या मुखाशी वाळूचा बांध, त्यामुळे मोठी जहाजं शहरापर्यंत जाऊ शकत नसत. ती सुवालीसमोर, किनारा आणि वाळूच्या पट्ट्यामधल्या खोल पाण्यात नांगर टाकत. १६१२च्या नोव्हेंबरअखेरीस इथेच थॉमस बेस्टच्या दोन इंग्रजी जहाजांनी पोर्तुगीजांच्या चार मोठ्या गलबतांशी झुंज दिली. पुढे काय झालं ते आपण शाळेत शिकलोच आहोत.

त्या दोनांपैकी 'रेड ड्रॅगन' हे जहाज सेकंडहँड होतं, हे मात्र शाळेत कोणी सांगितलं नव्हतं. १५९५मध्ये एका सरदारासाठी बांधलेलं, कंपनीने ते विकत घेतलं, नवं नाव दिलं आणि १६०१मध्ये पूर्वेकडे पाठवलं. त्या सफरीत लँकेस्टर नावाचा कप्तान आपल्या खलाशांना रोज सकाळी तीन चमचे लिंबाचा रस पाजायचा. बाकीच्या जहाजांवर स्कर्व्हीने माणसं आडवी झाली, याच्यावरची बरीचशी धडधाकट राहिली. जहाजाची तयारी म्हणजे फक्त लाकूड आणि दोर नव्हे, हे त्याला कळलं होतं.

खरी परीक्षा १६०३मध्ये परतताना झाली. आफ्रिकेच्या टोकाजवळ वादळात सुकाणूच तुटून गेलं. सुकाणू नसलेलं जहाज म्हणजे लाटांवरचं लाकूड. सुतारांनी मागची डोलकाठी उतरवली आणि तिच्यातून नवं सुकाणू घडवलं. ते बसवायला सोबतच्या 'हेक्टर'वरचे पट्टीचे पोहणारे आणि बुडी मारणारे कामी आले. आपल्याला सोडून पुढे जा, असं लँकेस्टरने हेक्टरला कळवलं होतं. हेक्टरचा कप्तान गेला नाही, नजरेच्या टप्प्यात राहिला. तेच हेक्टर १६०८मध्ये हॉकिन्सला घेऊन सुरतेला आलं. इंग्रजांचं कौतुक करायची मला हौस नाही, पण त्या सुतारांना आणि त्या न गेलेल्या कप्तानाला मी मानतो.

आपल्याकडचीही आठवण आहे. गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेल्या 'तारिणी'वरून नौदलाच्या सहा महिला अधिकारी २०१७-१८मध्ये पृथ्वीप्रदक्षिणेला गेल्या. घराकडे येताना सुकाणूच्या यंत्रणेतच बिघाड झाला आणि मॉरिशसला थांबून दुरुस्ती करावी लागली. तीच बोट २०२४च्या ऑक्टोबरात पुन्हा निघाली, या वेळी दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच होत्या, आणि २०२५च्या मे अखेरीस परत आली. चारशे वर्षं गेली तरी दुखणं तेच!

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे माझा कॉलेजातला मित्र. त्याने गोव्यात तीस वर्षांची फायबरची शिडाची बोट घेतली आहे आणि दिवाळीनंतर मुंबईपर्यंत आणायची म्हणतो. "तू येतोस ना?" उत्तरेकडे येताना वारा बहुतेक समोरूनच, म्हणजे बोटीवर आणि माणसांवर दोन्हीकडे ताण. माझी मुलगी चार वर्षांची आहे. आईने एकच विचारलं, "अरे, तुला नीट पोहता तरी येतं का?"

आमच्या धंद्यात जुनी सिस्टीम हातात आली की आधी न दिसणाऱ्या जागा तपासतात. इथेही तसंच. डोलकाठीला धरणाऱ्या स्टीलच्या तारा दहा-बारा वर्षांच्या झाल्या असतील तर वरून कितीही चकाकोत, बदलायच्या. तळाला जिथे जिथे भोक आहे तिथली झडप हाताने फिरायला हवी, आणि शेजारी लाकडी बूच दोरीने बांधलेलं हवं. पाणी उपसायचे पंप दोन, त्यातला एक हाताने चालणारा. रंग, गाद्या आणि म्युझिक सिस्टीम हे सगळं नंतर. मित्राने अर्थातच म्युझिक सिस्टीम आधी घेतली.

मी त्याला सांगितलं, सुकाणू खाली उतरवून त्याचा दांडा बघितल्याशिवाय मी येणार नाही. दांडा स्टेनलेस स्टीलचा, पण सुकाणूच्या आत पाणी मुरतं, हवा पोहोचत नाही, आणि तिथे स्टेनलेसही आतल्या आत खातं. मित्र चिडला. "इतकी वर्षं चाललीय ना बोट!" आठवडाभर फोन नाही. मग परवा रात्री फोटो आला. सुकाणू फोडलेलं, दांड्यावर बोटाच्या पेरात मावतील एवढे खड्डे. खाली त्याने एवढंच लिहिलं होतं, "नवा करायला टाकलाय. जानेवारीत निघू."

आता जानेवारी. आई मला दर रविवारी तरणतलावावर पाठवते.

सुवालीला जाणार असाल तर भरती-ओहोटीची वेळ बघून जा. खंभातच्या आखातातलं पाणी ओहोटीला लांब सरकतं आणि भरतीला झपाट्याने येतं, तेव्हा मुलांचा हात सोडू नका. पोहायला मुळीच उतरू नका. वाटेत खायला विशेष काही मिळत नाही, डबा घरूनच न्या.