सगळेच साथीदार

भूलतज्ज्ञाला गाणं येवो न येवो, कान मात्र तयार असावा लागतो. ऑपरेशन चालू असताना पल्स ऑक्सिमीटरची टिक् टिक् सतत चालू असते. रुग्णाच्या रक्तातला ऑक्सिजन कमी होऊ लागला की त्या टिक् टिक्‌चा सूर खाली उतरतो. आम्ही पाठमोरे उभे राहून इंजेक्शन भरत असलो, तरी सूर जरा उतरला की मान आपोआप वळते. घरात मला हाक ऐकू येत नाही अशी तक्रार आहे, ती गोष्ट वेगळी!

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे गेल्या हिवाळ्यात आमच्या परिषदेत आम्ही जमवलेली गाण्याची बैठक. परिषद म्हटली की एका रात्री सांस्कृतिक कार्यक्रम असतोच. स्टेज, निवेदक, कराओके आणि दरवर्षी गाणारे तेच चारजण. बाकीची मंडळी जेवणाच्या रांगेत. यंदा एका मैत्रिणीने आणि मी हॉटेलातली एक छोटी खोली मागून घेतली, खुर्च्या भिंतीला सरकवल्या आणि सतरंजी अंथरली. मी घरून पेटी नेली होती, एकांनी तबला आणला होता. दारावर कागद लावला : "रात्री ९.३०. गा, वाजवा, नाहीतर नुसते बसा."

माइक मुद्दाम ठेवला नाही. माइक आला की एकजण कलाकार होतो आणि उरलेले प्रेक्षक.

खरी पंचाईत पट्टीची. पुरुषांना साधारण काळी १ सोयीची, बायकांना काळी ३ किंवा ४. तबला एकच, आणि तो दर गाण्याला इतका चढवायचा-उतरवायचा म्हणजे हातोडी ठोकण्यातच रात्र सरायची. पण काळी ३ला सा धरला तर पंचम येतो काळी १वर! त्यामुळे काळी १मध्ये लावलेला तबला पुरुषांना षड्जात आणि बायकांना पंचमात चालून गेला. एका निवासी डॉक्टरने गिटारच्या दुसऱ्या घरात कॅपो लावला आणि ई मेजरच्या सोप्या कॉर्डवरून काळी ३ गाठली. माझं काम एवढंच, की कुणी गुणगुणू लागलं की पेटीवर त्याचा सा शोधून द्यायचा.

दहा-बाराजण येतील असं वाटलं होतं, पण सतरंजी पुरली नाही. नाट्यगीत झालं, जुनी हिंदी गाणी झाली, मध्येच कुणीतरी अभंग धरला. अंतरा विसरला की शेजारचा उचलायचा. गंमत म्हणजे पुढे होऊन मिरवायला कुणीच तयार नव्हतं. मग लक्षात आलं, आमचा पेशाच साथीचा. ऑपरेशन सर्जनच्या नावाने ओळखलं जातं. आम्ही ठेका सांभाळतो, आणि सगळं सुरळीत झालं तर रुग्णाला आमचा चेहराही आठवत नाही.

तबल्यावर होते ते गृहस्थ तालुक्याच्या गावी काम करतात. बॅग घेऊन दिवसाला तीन-चार हॉस्पिटलं, सगळीकडे एकटेच. बोलणं कमी. दोन तास त्यांनी नुसता ठेका धरला, एकदाही तुकडा वाजवून लक्ष वेधलं नाही. तबल्यावर गवसणी घालताना म्हणाले, "तिकडे माझं चुकलं तर बघायला दुसरा भूलतज्ज्ञ नसतो आणि बरोबर आलं तरी नसतो. आज कुणीतरी सम ओळखून मान हलवली."

ऐकून मी गप्पच झाले.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी तो गिटारवाला मुलगा त्यांच्याशी एका अवघड केसबद्दल बोलताना दिसला. भाषणानंतरच्या प्रश्नोत्तरात हाच मुलगा तोंड उघडत नव्हता. निघताना दोघांनी फोन नंबर घेतले. रात्री दोन वाजता श्वासनलिकेत नळी जात नसेल, तर निभवायचं ज्याचं त्यालाच असतं. पण केस संपल्यावर ज्याला बिनदिक्कत फोन करता येईल असा माणूस मिळणं ही लहान गोष्ट नव्हे. नुसत्या बिल्ल्यावरचं नाव वाचून तसा फोन होत नाही. तेवढ्यासाठी एकत्र ताल धरलेला बरा.

तुम्ही इंजिनिअर असा, ग्रंथपाल असा, पुढच्या परिषदेत एक खोली मागून बघा. सतरंजी, पेटी, दाराला कागद. माइक मात्र नको हं!