कोतवाल बुकात नसलेले नाव

जात पडताळणीच्या निमित्ताने आपल्यापैकी अनेकांनी कोतवाल बुकाची नक्कल काढली असेल. जन्माची तारीख, मुलगा की मुलगी, बापाचे नाव, जात. इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्ही अशा नकला पुष्कळ वाचल्या. ज्या हातांनी ते मूल झेलले, त्या बाईसाठी तीत रकाना नसतो. विदर्भातल्या आमच्या गावी ते हात बहुधा आमच्या आजीचे असत.

वस्तीतली बाळंतपणे ती करीच. पण मोठ्या घरांतूनही रात्री-बेरात्री कंदील घेऊन माणूस येई. आजीला मागच्या दाराने आत घेत. पोटावरून हात फिरवून मूल आडवे आहे की पायाळू, हे ती सांगे. वार पडल्याशिवाय नाळ कापायची नाही, हा तिचा नेम. विळा आधी निखाऱ्यावर धरायचा. सगळ्याच बाळंतिणी वाचल्या असे नाही. दोन दिवस अडलेली एक पोर तिच्या मांडीवरच गेली. दवाखाना बैलगाडीने दिवसभराच्या वाटेवर होता. त्या पोरीचे नाव आजी कधी उच्चारीत नसे. घरच्या बाळंतपणाचे गोडवे गाणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

बाळंतिणीची खोली विटाळाची, म्हणून तेथे आजीचा स्पर्श चाले. बाळंतिणीला शुद्धीचे न्हाणे झाले, घर सारवले, की तोच स्पर्श बाटवणारा ठरे. बारशाला तिला बोलावणे नसे. शेरभर ज्वारी आणि जुने लुगडे वरून पदरात टाकीत. अस्पृश्यतेवरचे ग्रंथ आम्ही एम. ए.ला वाचले, ती सोयीने उठते आणि सोयीने बसते, हे त्याआधीच घरात ऐकले होते.

14 ऑक्टोबर 1956 रोजी आजी-आजोबा नागपूरला दीक्षेला होते. परतल्यावर वस्तीने गावकीची उरलीसुरली कामे टाकली. सुईणपणही टाकावे का, यावर मोठा वाद झाला, असे आई सांगे. हेही गावकीचेच काम, असे तरुणांचे म्हणणे. आणि ते खोटे नव्हते. आजी म्हणाली, "अडल्या बाईले गावकी नसते. पन मी पुढच्या दारानंच जाईन."

जुने लुगडे नको, मजुरी रोख, हेही तिने सांगून टाकले. मोठ्या घरांतला कंदील दोन वर्षे आला नाही. मग एका रात्री आला. आजी निघाली आणि त्या घराच्या पुढच्या दाराशी जाऊन उभी राहिली. आतून कण्हणे ऐकू येत होते. घरचा माणूस मागल्या बाजूला बोट दाखवीत राहिला. आजी हलली नाही. शेवटी सुनेच्या सासूनेच आतून कडी काढली. मुलगी झाली.

पुढे आरोग्य केंद्र आले. नर्सबाईंनी आजीला शिकवणीला बसवले आणि साबण, दोरा, ब्लेड अशी पेटी दिली. तेव्हा आम्ही आठ-नऊ वर्षांचे असू. ती पेटी ती कोणाला हात लावू देत नसे. विळा आईने गवत कापायला घेतला.