मायन्याचा रकाना
(तृतीय वर्ष कला)

सकाळी कॉलेज आणि दुपारी दोन ते सात नोकरी, असा माझा क्रम गेली दोन वर्षे चालू आहे. नोकरी म्हणजे शेतीपंपांच्या सुट्या भागांचे दुकान. दुकानाच्या माळ्यावर एक जुना संगणक आहे आणि त्या संगणकात, मालकांच्या भाच्याने २००२ साली अमेरिकेहून आणून दिलेली ‘ॲक्ट!’ नावाची प्रणाली आहे. उद्गारचिन्ह माझ्या पदरचे नव्हे, ते नावातच आहे. मालकांनी (आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो) तेव्हापासून दोनदा गाडी बदलली. ॲक्ट मात्र तेच.

१९८७ साली डॅलसच्या पॅट सुलिव्हन आणि माइक मुहनी या दोन विक्रेत्यांनी ही प्रणाली बाजारात आणली. फिरत्या विक्रेत्याच्या खिशातली वही संगणकात घालायची, एवढीच मूळ कल्पना. प्रत्येक गिऱ्हाइकाचे एक पान. त्यात नाव, पत्ता, फोन, शेवटचे बोलणे कधी झाले ते. आणि याच वहीच्या पोटात पत्र लिहिण्याचीही सोय. त्या काळच्या डॉसवर चालणाऱ्या संगणकात एका वेळी एकच काम उघडे राही. पत्र लिहायचे तर वही मिटा, दुसरी प्रणाली उघडा, पत्ता पुन्हा टंका! त्यापेक्षा खतावणीलाच पोस्टकार्डे शिवून टाकली, म्हणा ना.

गिऱ्हाइकाचे पान समोर ठेवून पत्र मागवले की तारीख, नाव, पत्ता, मायना आणि खाली दादांचे नाव आपोआप हजर. मधला मजकूर तेवढा माझा. छापून झाले की प्रणाली विचारते, नोंद ठेवू का? हो म्हटले की त्या गिऱ्हाइकाच्या इतिहासात तारखेसह ओळ पडते.

घोडे अडले मायन्यापाशी. मायन्याचा रकाना वेगळा आहे आणि आपण काही भरले नाही तर प्रणाली तिथे सरळ पहिले नाव घालते. सत्तरी ओलांडलेल्या बागाईतदाराला ‘डिअर शंकर’! त्यातून माझ्या आधीच्या कारकुनाने निम्म्या पानांवर आडनाव आधी टंकलेले. मग ‘डिअर पाटील’. आमच्याकडे पाटील किती, हे मी सांगायला नको.

पुढे दादांनी फर्मान काढले की दिवाळीचे पत्र मराठीतच गेले पाहिजे. मजकूर श्रीलिपीत टंकला, तो झकास उमटला. पण पानावरची नावे रोमन अक्षरांत. त्यांनाही मराठी वळण लावले तेव्हा कागदावर जे अवतरले ते वाचायला मोडीच्या जाणकारालाही घाम फुटला असता. शेवटी नाव-पत्ता इंग्रजीतच ठेवला आणि मायना प्रत्येक पानावर हाताने भरायचा ठरवला. रकान्यात तो कसल्यातरी चिन्हांचा कडबा दिसे. कागदावर मात्र ‘माननीय आप्पा’ असे सुरेख उमटे.

तीनशेच्या वर पाने होती. पावसाळाभर रोज दुपारी मी माळ्यावरून ओरडून नाव वाचायचो आणि दादा खालून, नटबोल्ट मोजता मोजता, उत्तर द्यायचे. “त्यांना तात्या म्हण.” “मास्तर. शाळा सुटून वीस वर्षं झाली, तरी मास्तरच.” “ती बाई स्वतः मोटर खोलते, तिला ताईसाहेब लिही.” एका नावाला ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “नुसतं नमस्कार लिही. आमचं बोलणं नाही, पण पैसे वेळेवर देतो.” तीन वर्षांच्या मराठीच्या तासांना मायन्यावर इतका विचार मी केला नव्हता, हे सरांची क्षमा मागून सांगतो.

त्या श्रावणात आमचे एक जुने गिऱ्हाईक वारले. दादा भेटून आले. त्यांच्या पानावर टिपणाच्या जागी, तारीख घालून, ‘वारले’ असे मीच लिहिले होते. पण पत्र टिपण वाचत नाही. ते नाव घेते, पत्ता घेते, मायना घेते. दिवाळीच्या आठवड्यात मी सगळी पाने एकदम छापायला सोडली, घड्या घातल्या, तिकिटे लावली. नावे नजरेखालून गेली, पण वाचली एकही नाही.

धाकट्या पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा दुकानात आला. हातात आमचे पाकीट. ‘माननीय आप्पा, ही दिवाळी आपणास सुखसमृद्धीची जावो.’ तो रागावला नव्हता. “दादा, आईने उघडलं,” एवढेच म्हणाला. मी जिन्यावर उभा होतो. चूक माझी, हे सांगायला तोंड उघडले तेवढ्यात दादा म्हणाले, “माझ्या नावाने गेलंय, माझी चूक.” त्यांनी त्याला बसवले, चहा मागवला. दोघे बराच वेळ पाण्याविषयीच बोलले.

तो गेल्यावर दादा पहिल्यांदाच माळ्यावर आले. ते पान मी काढूनच ठेवले होते. खाली इतिहासात ओळ होती: दिवाळीचे पत्र पाठविले. “पुसू का?” मी विचारले.

“राहू दे. पान वहिनींच्या नावावर कर. हिशेब आता त्या बघणार आहेत.”

“मायना?”

“सांगितलं ना, वहिनी.”

मी टंकले. रकान्यात पुन्हा तोच कडबा दिसला. दादा चष्मा वर करून त्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “बरोबर लिहिलंयस ना? छापून दाखव.”