गुलाबजामचं जेवण

आमच्या भंडाऱ्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. त्यामुळे भाचीने काही मागितलं की नाही म्हणायची सोय नसते. माझी भाची कॅनडात, टोरांटोजवळ राहते. वय वर्षं अकरा. गेल्या वर्षी सकाळी सकाळी (म्हणजे त्यांच्या आदल्या रात्री) तिचा फोन. "मामा, गांडुळं कशी पाळायची?"

बाईसाहेबांनी अ‍ॅक्सोलॉटल पाळलाय. हा मेक्सिको सिटीतल्या सोचिमिल्कोच्या पाण्यातला उभयचर. बेडकाचं पिल्लू मोठं झालं की कल्ले जातात, तो जमिनीवर येतो. हा मात्र जन्मभर पाण्यात, डोक्याच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले मिरवत. तुटलेला पाय पुन्हा उगवतो म्हणे. रंग फिकट गुलाबी, म्हणून नाव ठेवलंय गुलाबजाम! पाणी १६ ते १८ अंश लागतं. आमच्या मे महिन्यात त्याचा खरोखरच गुलाबजाम झाला असता :-)

त्याचं आवडतं खाणं गांडूळ. मी गांडूळखत करतो, तेव्हा ऐटीत धडे सुरू केले. झाकणाला भोकं पाडलेला डबा, ओला करून पिळलेला कागद, सुका पाला, थोडी माती. भाजीची देठं चालतील. लिंबू, कांदा, मीठ नको. ओल हवी पण चिखल नको. प्रत्येक गांडूळ नरही असतं आणि मादीही, तरी जोडी लागतेच. कोष, त्यातून पिल्लं, ती मोठी होणार... दोन-तीन महिने धीर धर.

तिने धरला. पहिलं गांडूळ गुलाबजामने तोंडात घेतलं आणि थू करून टाकलं! खतासाठी वापरतात ती लाल गांडुळं त्रास दिला की पिवळट, वासाचा द्रव सोडतात. खतात गुणी, पण चवीला नापास. मामाची अब्रू गेली. मग तिनेच शोधून दुसऱ्या जातीची, जरा जाड गांडुळं आणून डबा नव्याने लावला. ती मात्र साहेब मिटक्या मारत खातात.

तर सांगायचा मुद्दा पुढेच आहे. एकदा ती म्हणाली, "मामा, तुझ्या शेतातली गांडुळं असती तर गुलाबजामला चालली असती?" मी हो म्हणणार, तेवढ्यात तिनेच विचारलं, "तू फवारणी करतोस का? फवारलेल्या जमिनीतली द्यायची नसतात. त्याची कातडी पातळ असते, सगळं आत जातं."

मी म्हटलं, "नाही चालणार गं."

फोन ठेवला आणि बराच वेळ तसाच बसलो. लहानपणी नांगरामागे बगळ्यांची रांग असायची, गांडुळं वेचायला. गळाला लावायला आम्ही धुऱ्यावरचं एक ढेकूळ उलटायचो, की झालं काम. आता धानाला तुडतुडे आले की फवारणी, खोडकिडा आला की फवारणी. मीही करतो, खोटं कशाला बोलू? कर्ज डोक्यावर असताना पीक सोडून देता येत नाही.

पण जे गांडूळ गुलाबजामच्या ताटात नको, तेच मी आमच्या बेडकांना वर्षानुवर्षं वाढतोय. त्यांचीही कातडी तितकीच पातळ. आणि बेडूक तर कीड खाणारा, आपल्याच कामाचा गडी. १९८७ साली देशाने बेडकांच्या पायांची निर्यात बंद केली. पकडणाऱ्यांपासून ते वाचले, बांधीतल्या पाण्याचं काय?

यंदा रोवणी झाल्यावर घराजवळची एक बांधी वेगळी ठेवली. बाकीच्यांपेक्षा उंच आहे, वरचं पाणी तिच्यात उतरत नाही. फक्त शेणखत, फवारणी नाही. कापणीला धान कमी आला, बायकोने हिशेब ऐकवला. कापणीनंतर फावडं मारून पाहिलं तर ओल्या कोपऱ्यात चार गांडुळं निघाली. चारच. फोटो भाचीला पाठवला.

तिचं उत्तर आलं, "आता चालतील?"

म्हटलं, "अजून नाही. पुढच्या वर्षी पुन्हा विचार."

तिने लगेच लिहिलं, "विचारणार."

भाचीच ती. सोडणार थोडीच आहे!