माळवद कुणाचं होतं?

हल्ली वास्तुरचनेच्या व्याख्यानांत 'स्थानिक शैली'चा गजर चालतो. सिमेंट सोडा, मातीकडे वळा! दाखला म्हणून आल्प्समधलं व्रिन हे स्विस गाव दाखवलं जातं. तिथल्याच गियोन कामिनादा या वास्तुरचनाकाराने ओंडक्यांच्या जुन्या बांधणीत नवी घरं, गोठे उभारले. १९९८ साली गावाला वाक्कर पुरस्कार मिळाला. काम देखणं आहे, वाद नाही. पण तिथे बाहेरच्यांनी सट्टा करू नये म्हणून बांधकामाच्या मोकळ्या जागा आधी गावाने ताब्यात घेतल्या, हे कुणी सांगत नाही. त्याच कामिनादाने गावचा कत्तलखानाही तितक्याच आदराने बांधला. आपल्याकडे मेलेली ढोरं ओढणाऱ्यांना गावाने कुठे ठेवलं, हे वाचकांना सांगायला नको.

आमच्या जालना जिल्ह्याची स्थानिक शैली म्हणजे माळवद. जाड भिंती, लाकडी तुळया, वर पांढऱ्या मातीचा थर. मे महिन्यातही आत गारवा. मात्र ते सागवान, ते दगडी जोतं कुणाकडे होतं? गावकुसाबाहेर तुराट्यांचा कूड आणि शेणमातीचं लिंपण. तीही स्थानिक शैलीच की! तिचे फोटो प्रदर्शनात का लागत नाहीत? खेड्याच्या असल्या गौरवाला बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेतच विरोध केला होता. (आणि माळवदाच्या जड छताखाली, दगडमातीच्या भिंतींखाली १९९३ साली किल्लारीत किती माणसं गाडली गेली, तेही आठवावं.)

म्हणून वस्तीतल्या बाया मला म्हणतात, ताई, आम्हाला स्लॅबच पाहिजे. त्यांच्यासाठी स्लॅब म्हणजे इज्जत. ज्यांच्या घरात एसी आहे त्यांनी त्यांना मातीचं महत्त्व शिकवू नये.

तरीही २६९ चौरस फुटांच्या त्या घरकुलात दुपारी बसवत नाही, हे खरंच. मी सर्वेक्षणाला जाते तेव्हा सगळं घर लिंबाखाली असतं. गारवा हा वाड्याचा वारसा नाही, तो आमचाही हक्क आहे. पश्चिमेची भिंत जाड, समोरासमोर खिडक्या, पुढे ओसरी, एवढं नकाशात आलं आणि त्याचे पैसे हप्त्यात धरले तर स्लॅबखालीही राहता येईल. नकाशा ठरण्याआधी राहणारीला विचारा, ग्रामसभेत विचारा.

आणि जागा? घरकुल मंजूर व्हायला आधी नावावर जागा लागते. गायरानावर दोन पिढ्या काढलेल्यांचा अर्ज तिथेच अडतो.