हात काय करतात?

काही वर्षांपूर्वी सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ माझ्या दवाखान्यात आले. उजव्या तर्जनीवर जांभळट गाठ होती. ताप नाही, फारशी वेदनाही नाही. मधुमेह होताच, म्हणून साधा जंतुसंसर्ग समजून मी प्रतिजैविके दिली. गाठ बसली नाही, तेव्हा औषध बदलले. दीड महिन्याने मनगटाच्या वर, एका रेषेत, आणखी दोन गाठी उमटल्या. पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता तो प्रश्न तेव्हा कुठे मला सुचला. ‘‘काका, दिवसभर हे हात काय करतात?’’

‘‘सकाळचा अर्धा तास खाऱ्या पाण्याच्या टाकीत असतात, डॉक्टर.’’

त्याच संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. पत्नीच्या निधनानंतर त्यांनी दिवाणखान्यात ही टाकी मांडली होती. मधोमध खडकाला चिकटलेले समुद्रपुष्प, म्हणजे सी ॲनिमोन. नावात पुष्प असले तरी तो प्राणी आहे; प्रवाळ आणि जेलीफिश यांचा भाऊबंद. त्याच्या बोटांसारख्या संस्पर्शकांची टोके बोंडासारखी फुगलेली होती, म्हणून त्याला ‘बबल टिप’ म्हणतात. ‘‘पण बोंडे कधी दिसतात, कधी विरतात,’’ काका म्हणाले. ‘‘एका दिवसात ओळख पटत नाही. चार दिवस पाहावे लागते.’’ हे वाक्य मला लागले. मी त्यांची गाठ किती पाहिली होती?

काकांकडून मी बरेच शिकलो. निरोगी समुद्रपुष्पाला तपकिरी वा हिरवट छटा असते, कारण त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते आणि प्रकाशावर अन्न तयार करून त्याला देते. ते पांढरेफटक पडले, तोंड सैल उघडे राहिले किंवा तळवा खडकावरून सुटला, तर ते आजारी समजावे. नव्या टाकीत ते आणू नये; पाणी स्थिरावायला सहा महिने तरी द्यावेत. तापमान २५ अंशांच्या आसपास आणि पाण्याचे विशिष्ट गुरुत्व १.०२५ राखावे. पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. म्हणून रोजची तूट गोड्या, शुद्ध पाण्याने भरावी. आपली जागा ते स्वतः शोधते, सरकत सरकत जाते. म्हणून पंपाचे तोंड स्पंजने झाकावे.

काकांच्या गाठींचे कारण मात्र समुद्रपुष्प नव्हते. मी त्यांना त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवले, गाठीचा तुकडा तपासला गेला. मायकोबॅक्टेरियम मरिनम हा क्षयाच्या जंतूच्या कुळातला, पाण्यात राहणारा जंतू बारीक जखमेतून शिरला होता. तो नेहमीच्या ३७ अंशांना नीट वाढत नाही, त्याला साधारण ३० अंश लागतात. प्रयोगशाळेला आधी कल्पना दिली नाही, तर तो निसटतो. माणसाकडून माणसाला तो लागत नाही. उपचार मात्र काही महिने चालले.

‘‘टाकीच विकून टाकतो,’’ मुलगा म्हणाला. मी मान डोलावणारच होतो. काका काही बोलले नाहीत. समुद्रपुष्पाला खाऊ घालायची वेळ झाली होती आणि ते खुर्चीतून उठले नाहीत, एवढेच. मी शब्द गिळले आणि मुलाला वेगळाच सल्ला दिला.

तोच आपल्यालाही देतो. टाकीत हात घालायचा तर कोपरापर्यंतचे रबरी मोजे घाला. शक्यतो लांब चिमटाच वापरा. हाताला चीर असेल तर टाकीपासून दूर राहा. आधी विजेची बटणे बंद करा. नळीने पाणी काढताना ती तोंडाने ओढू नका. भरलेल्या बादल्या तरुणांनी उचलाव्यात आणि फरशी लगेच पुसावी. वार्धक्यातले पडणे महागात पडते. आणखी एक ओळख फार महत्त्वाची आहे. खडकावर उगवणारे पारदर्शक, तपकिरी, लांब बोटांचे ‘एप्टेशिया’ हे तण आहे. ते खरवडले, तर तुकड्यांतून पुन्हा वाढते. मात्र सपाट बटणांसारखे, पुंजक्याने वाढणारे झोॲन्थिड दिसले, तर त्यांच्यातील काहींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असते. असा खडक घासू नका, त्यावर उकळते पाणी ओतू नका. ती वाफ श्वासात गेल्यास प्राणावर बेतू शकते.

समुद्रपुष्पे दीर्घायुषी असतात. स्कॉटलंडच्या जॉन डॅलिएल यांनी १८२८ मध्ये किनाऱ्यावरून आणलेले एक समुद्रपुष्प ‘ग्रॅनी’, म्हणजे आजी, या नावाने प्रसिद्ध झाले. डॅलिएल १८५१ मध्ये गेले. आजीला पुढच्या हातांनी सांभाळले आणि ती १८८७ पर्यंत जगली. काकांच्या घरीही आता मोजे मुलगा घालतो. काका खुर्चीत बसून सूचना देतात. कधीकधी वादही होतो, पण रोज अर्धा तास दोघे एकत्र असतात.

आपल्या किंवा आपण सांभाळता त्या व्यक्तीच्या हातावरची जखम तीन आठवड्यांत भरली नाही, तर पुन्हा डॉक्टरांकडे जा आणि ते हात दिवसभर काय करतात, हे आपणहून सांगा. बागकाम, मासे, पक्षी, काहीही असो. आम्ही विचारायला विसरतो. मी विसरलो होतो.